सोमवारचे दोन किलो आणि शनिवार-रविवारचे कार्ब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ३४, वजन ८६ किलो, जिमच्या मशीनने सांगितलेली चरबी २६ टक्के. सोमवार ते शुक्रवार ३० ग्रॅमच्या आत कार्ब (भात-पोळी-साखरेतली कर्बोदकं): अंडी, पनीर, चिकन, पालेभाज्या, लोणी, तूप. शनिवार-रविवार ‘कार्ब लोडिंग’, म्हणजे साठा भरायला भरपूर कार्ब. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, गुरुवारी खांदे, शुक्रवारी हात. तीन महिने झाले. पहिल्या महिन्यात चार किलो उतरले, मग काटा अडला. दर सोमवारी दोन-अडीच किलो वाढलेले दिसतात, शुक्रवारपर्यंत परत तिथेच. गुरुवारी जिममध्ये अंगात जीव नसतो. आणि जाता जाता विचारलंय की आईला मधुमेह आहे, तिनेही हेच केलं तर चालेल का.

आईचं आधी सांगते, कारण ते थांबण्यासारखं नाही. तिने हे करू नये. कारणं खाली येतीलच, पण तोवर तुमच्या उत्साहापोटी तिची पोळी बंद करू नका.

आता तुमचं. सोमवारचे ते दोन-अडीच किलो चरबीचे नाहीत. आपण खाल्लेल्या भात-पोळीचा साठा शरीरात ग्लायकोजेनच्या रूपात राहतो. यकृतात साधारण १०० ग्रॅम, स्नायूंमध्ये ४०० च्या आसपास, अंगकाठीप्रमाणे कमी-जास्त. एका ग्रॅम ग्लायकोजेनसोबत जवळजवळ तीन ग्रॅम पाणी साठतं. कार्ब तोडून व्यायाम केला की साठा उतरतो, त्याच्याबरोबर पाणी जातं. शनिवारी भात पोटात गेला की दोन्ही परत येतात, वर हॉटेलच्या जेवणातलं मीठ आणखी पाणी धरून ठेवतं. एक किलो चरबी साठायला साधारण ७,७०० जादा कॅलरी लागतात. म्हणजे दोन दिवसांत दोन किलो चरबी चढवायची तर नेहमीच्या जेवणावर पंधरा हजार कॅलरी जास्त खाव्या लागतील. लग्नाच्या पंगतीत आग्रह करकरून वाढलं तरी ते जमायचं नाही.

मात्र हाच हिशेब उलट बाजूनेही लागतो. पहिल्या महिन्यातल्या चार किलोंमध्येही दीड-दोन किलो पाणीच होतं. म्हणून वजनाची तुलना करायची तर शुक्रवार सकाळ ते शुक्रवार सकाळ करा आणि सोमवारी काट्याकडे फिरकू नका. कंबरेचा घेरही शुक्रवारीच मोजा.

मग काटा अडला का? तुम्ही पाठवलेल्या नोंदींवरून मी अंदाज बांधला. आठवड्याचे पाच दिवस तुम्ही गरजेपेक्षा साधारण ५०० कॅलरी कमी खाता, म्हणजे अडीच हजारांची बचत. शनिवारी बिर्याणी, आइस्क्रीम आणि रात्रीचा पिझ्झा, रविवारी श्रीखंड-पुरी आणि संध्याकाळची भजी. हे दोन दिवस दररोज बाराशे-तेराशे कॅलरींनी वर जातात. बेरीज शून्य. कीटोसिस (कार्ब तोडल्यावर शरीर चरबीपासून बनलेल्या कीटोनवर चालतं ती अवस्था), इन्सुलिन, हार्मोन यांवर कितीही चर्चा करा, या बेरजेपुढे कुणाचं काही चालत नाही.

पण ‘कमी खा’ एवढं सांगून मी हे उत्तर संपवणार नाही, कारण तुमच्या वेळापत्रकात याहून मजेशीर एक गोष्ट आहे. त्यात पायाचा व्यायाम कुठेच नाही.

हे का महत्त्वाचं, ते कळायला कार्ब लोडिंग आलं कुठून हे बघावं लागेल. १९६६ मध्ये स्वीडनमध्ये योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन या दोन संशोधकांनी प्रयोग स्वतःवरच केला. एकाच सायकलच्या दोन बाजूंना दोघं बसले आणि प्रत्येकाने एकाच पायाने पेडल मारलं, पार दमेपर्यंत. नंतर काही दिवस भरपूर कार्ब खाल्ले आणि दोन्ही मांड्यांमधून सुईने स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. दमलेल्या पायात ग्लायकोजेन आराम केलेल्या पायाच्या जवळपास दुप्पट भरलेलं निघालं. माणूस तोच, जेवण तेच, रक्त तेच. फरक एवढाच की एक पाय आधी रिकामा केला होता.

लोडिंग म्हणतात ते हे. ज्या स्नायूने काम केलं त्यातच जागा होते, आणि जागा झाली तरच माल आत जातो. नुसते कार्ब बंद केल्याने यकृताचा साठा एक-दीड दिवसात उतरतो, पण न वापरलेल्या स्नायूतला बराचसा तसाच पडून राहतो. मांड्या आणि नितंब हे शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू. तुम्ही आठवडाभर छाती आणि दंड दमवता, मांड्या ऑफिसच्या खुर्चीवर टेकवता, आणि शनिवारी सगळं अंग रिकामं झाल्यासारखं जेवता.

आठवड्यात पाच दिवस चरबी आणि दोन दिवस कार्ब ही मांडणी लोकप्रिय झाली ती १९९० च्या दशकात. कॅनडातले डॉक्टर आणि पॉवरलिफ्टर मौरो डी पास्क्वाले यांनी ती ताकदीचे खेळ आणि शरीरसौष्ठव करणाऱ्यांसाठी मांडली. तिच्यातली एक अट आपल्याकडच्या रील्समध्ये हमखास गळते: सुरुवातीचे १२ दिवस सलग, मध्ये एकही कार्बचा दिवस नाही. मी तर तीन-चार आठवडे सांगते. पहिल्याच शनिवारपासून लोडिंग केलं की शरीर चरबीवर चालायला शिकतच नाही. लोडिंगनंतर कीटोसिसमध्ये परत यायला बहुतेकांना दोन-तीन दिवस जातात. म्हणजे तुमच्यासारखं रविवारी रात्रीपर्यंत खाल्लं तर बुधवार उजाडतो, आणि पुढचा शनिवार येतो तेव्हा हातात जेमतेम अडीच दिवस राहिलेले असतात. गुरुवारी जीव नसण्याचं एक कारण हेच. दुसरं कारण मीठ, त्याकडे येते.

आधी लोडिंग किती करायचं ते. ८६ किलोंमधून २६ टक्के चरबी वजा केली की साधारण ६४ किलो उरतात. जिमची ती मशीन दोन-चार टक्के इकडेतिकडे करते, पण एवढ्या कामाला पुरे. कट्टर पद्धतीत या आकड्यामागे पहिल्या दिवशी किलोला ८ ते १० ग्रॅम कार्ब सांगतात, म्हणजे ५०० ते ६४० ग्रॅम. आठवड्यात चार दिवस तास-तासभर वजनं उचलणाऱ्याने एवढा साठा रिकामा केलेलाच नसतो. एका स्नायूचे सहा ते नऊ जड सेट मारले की त्यातलं ग्लायकोजेन पाव ते चाळीस टक्के उतरतं, त्याहून फार नाही. म्हणून तुम्हाला मी किलोला साडेपाच ग्रॅम धरेन, म्हणजे ३५० ग्रॅम. आणि तेही दोन दिवस नाही, शनिवारी सकाळच्या व्यायामानंतर ते रविवारच्या नाश्त्यापर्यंत. शनिवारी सकाळी पायांसकट सगळ्या अंगाचा व्यायाम करायचा, वजन मध्यम, रेप (आवर्तनं) १२ ते १५, विश्रांती कमी. हात आणि खांदे एकाच दिवशी उरका म्हणजे दिवस मोकळा होईल.

३५० ग्रॅम ताटात कसे दिसतात? व्यायामानंतर दोन केळी आणि पातळ ताक, हे ४५-५०. दुपारी अडीच वाट्या भात, वाटीभर वरण आणि कमी तेलातला चिकनचा रस्सा, भात-वरणाचे मिळून ११५. चारच्या सुमाराला २०० ग्रॅम उकडलेलं रताळं, ४५. रात्री ज्वारीच्या दोन भाकऱ्या आणि मटकीची उसळ, ९५. रविवारी सकाळी ७० ग्रॅम पोह्यांचे कांदेपोहे, तेल एक चमचा, ५५. झाले साधारण साडेतीनशे. रविवारी दुपारपासून आठवड्याचं जेवण सुरू.

आता गंमत बघा. ३५० ग्रॅम कार्बच्या १,४०० कॅलरी, १३० ग्रॅम प्रथिनांच्या ५२०, आणि चरबी ४० ग्रॅमवर ठेवली तर तिच्या ३६०. एकूण २,२८०. तुमची रोजची गरज अडीच हजारांच्या घरात आहे. म्हणजे नीट केलेलं लोडिंग तुमच्या गरजेच्याही आत बसतं! बेरीज बिघडवतात ती त्या दिवशी कार्बसोबत येणारी तूप-तेल-लोणी-चीजची माणसं. ती आठवडाभर तुमची मित्रमंडळी असतात, शनिवारी नसतात.

याला शास्त्राचा आधारही आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९८८ मध्ये केविन अॅचेसन आणि सहकाऱ्यांनी माणसांचा साठा आधी रिकामा करून मग त्यांना अनेक दिवस मुबलक कार्ब खाऊ घातले. साधारण ५०० ग्रॅम ग्लायकोजेन भरेपर्यंत कार्बपासून शरीरात नवी चरबी अशी साठली नाही. पण त्याचा अर्थ ‘शनिवारी काहीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही’ असा नव्हे. इन्सुलिन वर असताना शरीर कार्ब जाळतं, त्यामुळे सोबत आलेली चरबी जळायची राहते आणि सरळ साठ्यात जाते. कार्ब भरपूर आणि चरबीही भरपूर हे सगळ्यात वाईट जोडपं. श्रीखंड-पुरी, पिझ्झा, बिर्याणी, तुपाची धार धरलेली पुरणपोळी, सगळे त्यातले. शनिवारचा उपास असेल तर साबुदाण्याची खिचडीसुद्धा. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, त्यावर दाण्याचं कूट आणि तूप. उपासाला लोडिंग करायचंच तर वरईचा भात, रताळं, केळी. पुरणपोळी होळीला खा, मजेत खा, फक्त तिला लोडिंग म्हणू नका.

मिठाचं आता. कार्ब कमी झाले की इन्सुलिन खाली येतं आणि मूत्रपिंडं सोडियम जास्त बाहेर टाकू लागतात. त्यात पुण्याचा एप्रिल आणि जिमचा घाम. पोटऱ्यांत गोळे, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, गुरुवारची मरगळ, ही बहुतेक वेळा कार्बची नाही तर मिठाची हाक असते. रक्तदाब आणि मूत्रपिंडं ठीक असतील तर सोमवार ते शुक्रवार दिवसातून दोनदा ग्लासभर ताकात किंवा लिंबूपाण्यात अर्धा चमचा मीठ घ्या, त्यातलं एक व्यायामाच्या तासभर आधी. साखर नाही. पालक, शहाळ्याऐवजी ओल्या खोबऱ्याचा तुकडा, मूठभर बदाम आणि भोपळ्याच्या बिया यांतून पोटॅशियम-मॅग्नेशियमची बरीच सोय होते. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि गोळीचा डोसही तपासून घ्यावा लागतो, कारण या आहारात रक्तदाब मुळात उतरतो.

व्यायामाचा क्रमही बदला. सोमवार-मंगळवार स्नायू भरलेले असतात, तेव्हा सगळ्यात जड काम करा: स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच. गुरुवारी हलकं.

आता तुम्ही न विचारलेला, पण विचारायला हवा होता तो प्रश्न. एवढा खटाटोप साध्या संतुलित कमी खाण्यापेक्षा सरस ठरतो का? प्राग इथे २०२० मध्ये २५ निरोगी तरुणांवर आठ आठवड्यांचा अभ्यास झाला, अगदी तुमच्याच पद्धतीचा. एका गटाला पाच दिवस ३० ग्रॅमपर्यंत कार्ब आणि शनिवार-रविवार लोडिंग, दुसऱ्याला तेवढीच काटछाट पण संतुलित जेवण. वजन आणि चरबी दोघांचीही उतरली. पण लोडिंगवाल्यांचं पाणी आणि स्नायूंचं वजनही घटलं. ताकद आणि दमसास वाढला तो संतुलित जेवणाऱ्या गटाचा. अभ्यास छोटा आहे, त्यावर देऊळ बांधू नये. पण मोठ्या अभ्यासांचा कलही याच दिशेचा आहे. स्टॅनफर्डने २०१८ मध्ये ६०९ जणांचा वर्षभराचा निकाल दिला: कमी चरबीवाल्यांचं वजन सरासरी ५.३ किलोंनी आणि कमी कार्बवाल्यांचं ६ किलोंनी उतरलं, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही.

माझं मत विचाराल तर ही पद्धत मोजक्याच लोकांना शोभते. ज्यांना कार्ब पूर्ण बंद असताना भूक कमी लागते, जे मोजून खाण्यात कंटाळत नाहीत, आणि ज्यांना शनिवारी अडीच वाट्या भातावर थांबता येतं. तिसरी अट सगळ्यात अवघड. शनिवारची वाट बघत आठवडा काढणारी, शनिवारी पोट दुखेपर्यंत खाणारी आणि सोमवारी त्याची शिक्षा म्हणून उपाशी राहणारी माणसं माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांची पद्धत मी सुधारत बसत नाही, बंद करायला लावते. पूर्वी कधी खाण्यावरचा ताबा सुटण्याचा त्रास झाला असेल तर याच्या वाटेलाच जाऊ नका.

सायकलिंग किंवा लांब पळणं करणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. कारण ‘आठवडाभर चरबी, शर्यतीच्या आदल्या दिवशी कार्ब’ हा सल्ला त्यांच्यातही फिरतो. कागदावर तो सुंदर दिसतो: शरीर चरबी जाळायला शिकलेलं, वर ग्लायकोजेनची टाकीही भरलेली. केपटाउनमध्ये २००६ साली सायकलपटूंवर नेमका हाच प्रयोग झाला, सहा दिवस चरबी आणि एक दिवस कार्ब, मग १०० किलोमीटर. एकूण वेळेत ठोस फायदा दिसला नाही, आणि मध्ये मध्ये ठेवलेल्या एक किलोमीटरच्या जोरदार स्प्रिंटमध्ये ताकद कमी पडली. ग्लायकोजेन भरलेलं होतं. पण चरबीची सवय लागली की ते झटपट जाळण्याच्या वाटेवरचं एक एन्झाइम मंदावतं, असं त्याच वर्षीच्या आणखी एका अभ्यासात दिसलं. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला यवतेश्वरचा चढ चढायचा असेल तर हे लक्षात असू द्या. चढावर जोर लागतो तो कार्बचा.

रक्ततपासणीबद्दल तीन गोष्टी. सुरू करण्याआधी आणि तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) करा. काहींचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, या आहारात चांगलंच चढतं, सडपातळ माणसांचं जास्त. तसं झालं तर लोणी-तूप-पनीरचा वाटा कमी करून शेंगदाणे, बदाम, तेलबिया, बांगडा-सुरमई यांकडे वळा. तरीही उतरलं नाही तर आहार सोडा, ‘माझं एलडीएल वेगळ्या जातीचं आहे’ म्हणत बसू नका. दुसरं, रक्त नेहमी आठवड्याच्या एकाच दिवशी द्या. लोडिंगनंतर ट्रायग्लिसराइड वेगळं दिसतं. तिसरं, ग्लुकोज पिऊन करायची मधुमेहाची तपासणी करायची असेल तर आधी तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कार्ब खावे लागतात, नाहीतर धडधाकट माणसाचीही साखर चढलेली दिसते. आठवडाभर चरबीवर चाललेलं शरीर अचानक आलेल्या साखरेला सुस्तपणे सामोरं जातं. कॅनडात नऊ निरोगी तरुणांना सात दिवस असा आहार देऊन मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजलं, तेव्हा साखर उसळलीच, शिवाय रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होत असल्याच्या खुणा रक्तात सापडल्या. लोडिंगची सुरुवात जिलेबी, कोल्ड्रिंक किंवा उसाच्या रसाने न करता भात-भाकरी-रताळ्याने करा म्हणते ते यासाठी.

शुक्रवारी रात्रीच्या पार्टीबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण नोंदीत दिसली. यकृतातला साठा रिकामा असताना दारू लवकर चढते आणि रक्तातली साखरही पडू शकते. शनिवारी सकाळी त्याच अवस्थेत पायांचा व्यायाम तर अजिबात नको.

आणि आई. तुम्ही लिहिलेल्या गोळ्या तीन: मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, डापाग्लिफ्लोझिन. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, समोर भात असो वा नसो. पोळी-भात काढला आणि गोळी तशीच राहिली की साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिनचा धोका जास्त लपलेला. ती साखर लघवीवाटे काढते, त्यामुळे शरीरातलं इन्सुलिन कमी राहतं आणि कीटोन बनण्याकडे कल वाढतो. त्यावर कार्ब बंद केले तर कीटोअॅसिडोसिस (कीटोन साठून रक्त आम्लधर्मी होणं) होऊ शकतो, तोही साखर २०० च्या आसपास किंवा त्याखाली असताना. घरचं ग्लुकोमीटर ‘सगळं ठीक’ दाखवत राहतं आणि माणूस अत्यवस्थ होतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास, यातलं काही दिसलं तर आकडा न बघता सरळ रुग्णालय गाठायचं आणि ही गोळी चालू आहे हे तिथे पहिल्या वाक्यात सांगायचं. तुम्ही तिची पोळी अजून बंद केली नसेल, तरी हे तुम्हाला माहीत असायला हवं. आणि आठवड्याचे दोन दिवस लोडिंग म्हणजे तिच्या बाबतीत दोन दिवस चढलेली साखर. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सीमध्ये हे वर-खाली झोके झाकले जातात.

तिला कार्ब कमी करायचे नाहीत असं नव्हे. आपल्या देशात सरासरी ६२ टक्के कॅलरी कार्बमधून येतात, असं आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत आढळलं आहे. तिथून पन्नासच्या आसपास येणंही पुष्कळ झालं. तीन पोळ्यांच्या दोन, भात एकाच वेळी आणि एकच वाटी, सोडलेली जागा वरण, दही, अंडं, पालेभाजीने भरायची, आणि ताट रोज सारखंच ठेवायचं, शनिवार असो की बुधवार. जेवणानंतर १५ मिनिटं चालणं. हा बदल करण्याआधी तिच्या डॉक्टरांना भेटा आणि ग्लिमेपिराइडचा डोस कमी करायचा का, हे त्यांनाच विचारा. जाताना आठवडाभराचे उपाशीपोटीचे आणि जेवणानंतर दोन तासांचे आकडे वहीत लिहून न्या.